चुलीसकट वनवास

अमेरिकन माणसाला वर्षातून एकदा घराचा वीट येतो. मग तो सगळं सोडून रानात जायचं ठरवतो आणि जाताना पलंग, संडास, फ्रिज, मायक्रोवेव्ह आणि तीन शेगड्यांचा ओटा एवढंच बरोबर घेतो. या चालत्या बिऱ्हाडाला तिकडे आरव्ही म्हणतात. लेकीकडे गेलं की उन्हाळ्यात आमचीही त्यातून वरात निघते. सॉल्ट लेक सिटीहून कधी उत्तरेला यलोस्टोन, कधी दक्षिणेला ब्राइस कॅनियन. जावई गाडी चालवतो, लेक नकाशा बघते, नातू भूक लागल्याचं जाहीर करतो आणि आमचे हे खिडकीतून दिसणाऱ्या प्रत्येक डोंगराची सह्याद्रीशी तुलना करून त्याला नापास करतात. ओटा माझ्याकडे.

ही हौस काही आजची नाही. हेन्री फोर्ड, थॉमस एडिसन आणि टायरवाले हार्वे फायरस्टोन ही मंडळी 1915 ते 1924 या काळात उन्हाळ्यात मोटारी घेऊन रानोमाळ हिंडायची. स्वतःला भटके म्हणवून घ्यायची. या भटक्यांच्या मागून स्वयंपाकाची स्वतंत्र मोटार, आचारी, तंबूत एडिसनच्या बॅटऱ्यांवरचे विजेचे दिवे आणि मधला भाग गरगर फिरणारं भलंमोठं गोल टेबल असा लवाजमा चालायचा. आमटी हवी असेल तर ‘जरा इकडे सरकवा’ म्हणायला नको, टेबलच फिरवायचं. 1921 साली खुद्द राष्ट्राध्यक्ष हार्डिंग या पंगतीला येऊन बसले होते. वनवासाची अशी सोय असते हे माहीत असतं तर कैकेयीने दुसराच काहीतरी वर मागितला असता.

आता त्या ओट्याविषयी. शेगडीवर काचेचं झाकण असतं. झाकण लावलं की ओटा हजर आणि शेगडी गायब. उघडलं की शेगडी हजर, ओटा गायब. म्हणजे एकतर चिरा, नाहीतर शिजवा. कांदा चिरून तो मांडीवरच्या ताटलीत ठेवून शेगडी पेटवायची, ही कला दादरच्या खोलीत संसार केलेल्या बाईला शिकवावी लागत नाही. शिकावं लागतं ते वेगळंच. हे स्वयंपाकघर ताशी शंभर किलोमीटरने पळतं. प्रत्येक कपाटाला खटका असतो आणि निघण्यापूर्वी तो लागला आहे की नाही हे हाताने दाबून बघावं लागतं, नुसतं डोळ्यांनी बघून भागत नाही. तेलाची बाटली चालत्या गाडीत सिंकमध्ये उभी करायची. स्टीलच्या दोन ताटांमध्ये एकेक नॅपकिन घालायचा, नाहीतर घाटात झांजपथक सुरू होतं. मिसळणाच्या डब्याला मी दोन रबरबँड आडवे-उभे लावते. हळद, तिखट आणि मोहरी एकत्र झाली तर ती पुन्हा वेगळी करणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे.

फ्रिज हे यातलं सगळ्यात गूढ यंत्र. नव्या गाड्यांत आपल्या घरच्यासारखे कॉम्प्रेसरचे फ्रिज येतात, पण जुन्या वळणाच्या आरव्हीतला फ्रिज गॅसच्या ज्योतीवर चालतो. जाळ लावून गार! मला आधी ही जावयाची थट्टा वाटली होती. पण खरंच मागे एक लहानशी ज्योत असते. ती अमोनिया विरघळलेलं पाणी तापवते, अमोनियाची वाफ वेगळी होते, पुढे तिचं द्रव होऊन पुन्हा बाष्पीभवन होतं आणि आतली उष्णता शोषली जाते. त्यात हलणारा भाग एकही नाही. 1922 मध्ये स्टॉकहोममधल्या बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी हे डोकं लढवलं होतं. मात्र या फ्रिजचे दोन हट्ट. एक, तो गार व्हायला सहा-आठ तास घेतो, म्हणून आदल्या रात्रीच चालू करायचा आणि त्यात गारच वस्तू ठेवायच्या. दुसरा, तो सपाट उभा राहायला हवा, कारण आतला द्रव स्वतःच्या वजनानेच खाली वाहतो. त्यामुळे मुक्कामावर पोचल्याबरोबर चाकांखाली ठोकळे सारून गाडी समपातळीत आणणं हा एक विधीच असतो. जावयाकडे त्यासाठी पाणसळ आहे. माझ्याकडे तवा आहे. चमचाभर तेल सोडलं की ते कुठे धावतं ते बघायचं आणि खिडकीतून सांगायचं, “मागचं डावं चाक खाली आहे हो.” पाणसळीचा निकाल आजवर तव्याच्या विरोधात गेलेला नाही.

फोडणी मात्र आत करायची नाही. हा नियम मी केलेला आहे आणि तो आरव्हीच्या माहितीपुस्तकात छापावा अशी माझी सूचना आहे. छताला धुराचा भोंगा असतो आणि जमिनीलगत गॅसचा, कारण प्रोपेन हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो. मोहरी तडतडून मिरची पडली की वरचा भोंगा असा बोंबलतो की आजूबाजूच्या चार गाड्यांतली माणसं बाहेर येतात. ते एकवेळ परवडलं. पण त्या पंचवीस फुटांत जेवणघर, दिवाणखाना आणि शयनगृह एकच असतं. दुपारची लसणाची फोडणी रात्री उशीत भेटते आणि यलोस्टोन सोडलं तरी पडद्यातून उतरत नाही. तेव्हा एका बर्नरची सुटी शेगडी घ्यावी, बहुतेक तळांवर लाकडी टेबल-बाक असतातच, तिथे फोडणी करावी आणि कढलं घेऊन आत पळावं. वरण आत, फोडणी बाहेर.

पाण्याचा हिशोब तर फारच कडक. चांगल्या पाण्याची टाकी साधारण दीडशे लिटरची. सिंक आणि न्हाणीचं सांडपाणी एका टाकीत, संडासाचं दुसऱ्या टाकीत आणि दोन्ही भरल्या की ठरलेल्या जागी नेऊन जाड नळीने रिकाम्या करायच्या. जामात हा दहावा ग्रह म्हणतात. त्या ग्रहाला हातमोजे घालून, श्वास रोखून नळी जोडताना पाहिलं की सासूच्या मनातली सगळी जुनी येणी फिटतात. सांडपाण्याच्या टाकीत तूप-तेल आणि भाताची शितं गेली की वास मारतो आणि नळी तुंबते. म्हणून ताट आधी कागदाने स्वच्छ पुसायचं, मगच पाणी लावायचं. खरं तर पुसायलाही काही उरू नये. ‘ताटात टाकू नकोस’ असं नातवाला मी जन्मभर सांगत आले, ऐकलं त्याने बापाच्या नळीचं.

यातून स्वयंपाकाचा बेत आपोआप ठरतो. एका भांड्यात होईल तेच करायचं. आमच्याकडे चकोल्या उर्फ वरणफळं हा गरिबीतला पदार्थ समजला जायचा, आरव्हीत तो राजा आहे. वरण आणि पोळी एकाच पातेल्यात, घासायला एक पातेलं नि एक डाव. मुगाची खिचडी दुसऱ्या दिवशी, पिठलं तिसऱ्या दिवशी. हवी तर टॉर्टिया तव्यावर गरम करून पोळी म्हणून वाढायची. ती पोळी नाही हे सगळ्यांना कळतं, पण प्रवासात कोणी तसं बोलून दाखवत नाही.

यलोस्टोनच्या उंचीवर तुरीचं वरण करायचं असेल तर मात्र कुकरच पाहिजे, पातेल्याचं काम नाही. तिथला तलाव समुद्रसपाटीपासून जवळजवळ 2,350 मीटर उंचावर आहे. तिथे पाणी साधारण 92-93 अंशांवरच उकळतं. बुडबुडे झोकात येतात, आपल्याला वाटतं शिजतंय, आणि डाळ तासाभरानेही गोटीच राहते. कुकरात कोंडलेल्या वाफेमुळे पाणी शंभराच्या बरंच वर जातं आणि डाळ शरण येते. अडचण शिट्टीची. तळावर रात्री 10 ते सकाळी 6 शांतता पाळायची असते, म्हणून मी सहानंतर कुकर लावला. पहिल्या शिट्टीला शेजारच्या गाडीतले आजोबा दार उघडून बाहेर आले. दुसरीला चष्मा लावला. तिसरीला आमच्या दाराशी येऊन अतिशय सभ्यपणे विचारलं, “तुमचं काही गळतंय का?” जावई म्हणाला, “नाही, डाळ आहे.” आजोबा मान हलवून परत गेले, पण दुपारपर्यंत त्यांची खुर्ची आमच्यापासून लांबच्या बाजूला होती.

डाळीला घाबरणाऱ्या या लोकांची अस्वलांच्या बाबतीत मात्र कडेकोट तयारी असते. यलोस्टोनमधल्या फिशिंग ब्रिज या तळावर तंबू ठोकायला बंदी आहे. भक्कम भिंतींची गाडीच लागते, कारण तो मुलूख ग्रिझली अस्वलांचा. अन्नच नव्हे, तर कूलर, शेगडी, घासून ठेवलेली भांडी, अगदी टूथपेस्टसुद्धा वापर झाला की आत घेऊन दार लावायचं. अस्वलाच्या नाकापुढे कुत्र्याचं नाक काहीच नाही म्हणतात. माझी हिंगाची डबी म्हणूनच रात्री तीन पिशव्यांत असते. गंमत म्हणजे पूर्वी याच यलोस्टोनमध्ये हॉटेलांचं उष्टं उकिरड्यावर ओतत आणि पर्यटक बाकांवर बसून अस्वलांची पंगत बघत. ही करमणूक 1940 च्या दशकात थांबली, आणि शेवटचा उघडा उकिरडा 1970 साली बंद झाला. आता अस्वलापासून 91 मीटर लांब राहायचं. एवढ्या अंतरावरून आग्रह करून वाढणं शक्यच नाही.

आणखी एक जुनी खोड तिथे बंद झाली आहे. तलावाच्या काठाला फिशिंग कोन नावाचा गरम पाण्याचा झरा आहे. पूर्वी गळाला लागलेला मासा गळावरच ठेवून त्या झऱ्यात बुडवून शिजवत आणि डोक्यावर आचाऱ्याची टोपी घालून फोटो काढत. आता त्याला मनाई आहे. तरी 2020 साली काही जण गोणपाटात अख्ख्या कोंबड्या बांधून दुसऱ्या एका उष्ण झऱ्यात शिजवायला निघाले, पकडले गेले आणि दंड भरून आले. ही बातमी वाचून हे म्हणाले, “मणिकर्णच्या गरम कुंडात आपण फडक्यात तांदूळ बांधून शिजवले होते, तेव्हा कोणी पकडलं नाही.” तिथे कुंडात शिजवलेलं अन्न प्रसाद म्हणून पोटात जातं, इथे खटला होतो.

तेव्हा आपली आग आपणच पेटवलेली बरी. बहुतेक तळांवर लोखंडी कड्यात शेकोटीची जागा असते आणि मी तिथे वांगं भाजते. त्यासाठी मिळणाऱ्या कोळशाच्या उशीच्या आकाराच्या वड्यांशी पुन्हा त्या फोर्डसाहेबांचा संबंध निघतो. मोटारींसाठी लागणाऱ्या लाकडाचा भुसा आणि तुकडे वाया जाऊ नयेत म्हणून त्यांनी कोळसा करून विकायला काढला, तोही मोटारींच्या दुकानांतून. किंग्जफर्ड हे त्याचंच पुढचं नाव. म्हणजे माझं भरीत हे अप्रत्यक्षपणे मोटार कारखान्याचं उत्पादन. साल मात्र चुलीवरच्या वांग्यासारखीच निघते.

पलीकडच्या गाडीतल्या बाई बिडाच्या जड भांड्यात पीचचा गोड पदार्थ करत होत्या. त्या भांड्याला डच ओव्हन म्हणतात. यूटा राज्याचं त्याच्यावर इतकं प्रेम की 1997 मध्ये कायद्याने ते राज्याचं अधिकृत भांडं झालं. झाकणाला उभी कड असते, तिच्यात निखारे ठेवायचे, थोडे खालीही. मी बघतच राहिले. खाली-वर निखारे ठेवून कोकणात काकडीचं धोंडस भाजतात ते याहून काय वेगळं? त्यांनी वाटीभर पीच दिलं, मी त्यांना भरीत दिलं. त्यांनी ते बिस्किटाला लावून खाल्लं आणि कृती लिहून घेतली. कच्चं तेल वरून घालायचं की नाही यावर माझं आणि लेकीचं त्यांच्यासमोर थोडं भांडण झालं.

नातवाचा ओढा शेकोटीवरच्या स्मोरकडे. दोन ग्रॅहम क्रॅकरमध्ये भाजलेला मार्शमेलो आणि चॉकलेट. मार्शमेलोत जिलेटिन असतं, आणि ते जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून निघतं, हे कळल्यावर यांनी नुसतं बिस्किट खाल्लं. ज्या सिल्व्हेस्टर ग्रॅहमच्या नावाने हे बिस्किट आहे तो एकोणिसाव्या शतकात गावोगाव शाकाहाराचा प्रचार करत हिंडणारा धर्मोपदेशक होता. यांना हे सांगितल्यावर त्यांनी त्याच्या सन्मानार्थ आणखी दोन घेतली.

पण इतका पसारा बघूनही माझं मत शिदोरीच्याच बाजूचं आहे. दुधात भिजवलेल्या दशम्या तीन दिवस मऊ राहतात. भाजणी भिजवली की थालीपीठ, मेतकूट नि भात झाला की जेवण, भाजलेल्या रव्याला उकळतं पाणी दाखवलं की उपमा. दाण्याची चटणी कशालाही चालते. यातल्या कशालाही फ्रिज लागत नाही. फोर्डसाहेबांच्या आचाऱ्याला हे कोणी सांगितलं असतं तर एक मोटार वाचली असती.

फक्त ताजा कढीपत्ता आणि संत्री यांची शिदोरी जपून. नेव्हाडातून कॅलिफोर्नियात शिरताना शेतीखात्याची चौकी लागते. एक चिमुकली कीड लिंबू-संत्र्यांच्या बागा मारणारा रोग पसरवते आणि कढीपत्ता लिंबाच्याच कुळातला असल्याने त्याच्यावरही ती सुखाने नांदते. म्हणून कढीपत्ता आणि त्याची रोपं इकडून तिकडे न्यायला निर्बंध आहेत, आणि लिंबूवर्गीय फळं तर हमखास विचारतात. आमच्याकडे मैत्रिणीच्या परसातली पिशवीभर संत्री होती. टाकून देणं यांच्या तत्त्वात बसत नाही. तेव्हा चौकीच्या अलीकडच्या विश्रांतिथांब्यावर गाडी उभी करून आम्ही सगळे ओळीने सावलीत बसलो आणि ती पिशवी संपवूनच उठलो. चौकीवरच्या अधिकाऱ्याने विचारलं, “काही फळं?” नातवाने खरं तेच सांगितलं, “आता नाहीत.”