मासे वगळता सहल यशस्वी

मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय 2020च्या टाळेबंदीत बंद झाले ते लोकांसाठी पुन्हा उघडलेच नाही, याबद्दल अनेकजण हळहळतात. ही हळहळ अस्थानी आहे. मत्स्यालय बंद पडल्याने मोटारीच्या कौटुंबिक सहलीचे काडीइतकेही नुकसान झालेले नाही. शनिवारी सकाळी बोरघाटात गाड्यांची रांग पूर्वीसारखीच लागते, फूड मॉलवर वड्यासाठी तशीच झुंबड उडते आणि संध्याकाळी मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर टेकायला तशीच जागा मिळत नाही. यातून निघणारा निष्कर्ष कटू असला तरी अटळ आहे : मत्स्यालयाच्या सहलीला मासे कधी लागतच नव्हते. 1951 साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते उद्घाटन झालेली ती वास्तू, लोक आपल्याकडे मासे बघायला येतात, या भाबड्या समजुतीवर सत्तर वर्षे उभी होती.

पुण्याच्या एका चौकोनी कुटुंबाचा हिशेब मांडला की हे स्वच्छ दिसते. अंतर एका बाजूने सुमारे दीडशे किलोमीटर. घाटाने कृपा केली तरी जाऊन येऊन सात तास. मत्स्यालयात, धाकट्याचा हट्ट आणि थोरलीचा रुसवा धरून, फार तर एक तास. 2015च्या नूतनीकरणानंतर तिकीट होते मोठ्यांना साठ रुपये, मुलांना तीस. म्हणजे घरटी एकशेऐंशी. द्रुतगती मार्गाचा टोल 2023पासून एका खेपेला 320, म्हणजे दोन्ही मिळून 640. अटल सेतूवरून गेल्याचे शेजाऱ्यांना सांगायचे असेल तर आणखी 250. पेट्रोल धरतच नाही, धरले तर सहलच होणार नाही. जो खर्च मोठा तोच हेतू, असे कोणताही सनदी लेखापाल सांगेल. तेव्हा हे कुटुंब टोलनाका बघायला गेले होते आणि वाटेत मासे लागले, असे म्हणणेच हिशेबाला धरून होईल. राहिला त्या नूतनीकरणातला पारदर्शक बोगदा. तो होता बारा फुटांचा. द्रुतगती मार्गावर एकटा भाताणचा बोगदाच किलोमीटरभर आहे, आणि त्याच्या जोडीला माडप आणि कामशेत त्याच टोलमध्ये मिळतात.

यावर कोणी म्हणेल, मग आगगाडीने जा. डेक्कन क्वीन आहे, पुढे लोकल आहे, चर्नी रोड स्थानक तर मत्स्यालयाच्या अगदी पुढ्यात. आक्षेप भूगोलाच्या दृष्टीने बिनतोड आहे, पण त्यात कुटुंबसंस्थेचा विचार नाही. आगगाडीत वडिलांना ‘डावीकडून घुसणाऱ्या’ चालकांच्या संस्कारांवर भाष्य करता येत नाही. नकाशातल्या बाईचे ऐकायचे की मेव्हण्याने सांगितलेल्या आतल्या रस्त्याने जायचे, हा वाद रुळांवर संभवत नाही. आणि मुख्य म्हणजे आगगाडीत रागावलेला माणूस उठून दाराशी जाऊन उभा राहू शकतो. चार माणसांनी सात तास, काचा बंद, कोणालाही उतरण्याची मुभा नाही, अशा अवस्थेत बोलते राहायचे, ही सोय मोटारीखेरीज कुठे आहे?

दुसरा आक्षेप ज्ञानाचा. मुलांना सागरी जीवसृष्टी कळावी, असे शिक्षणप्रेमी म्हणतात. पण काचेपुढे उभे राहिल्यावर आपल्याकडे पहिला प्रश्न ‘हा खातात का?’ हाच येतो. ‘खात नाहीत’ असे उत्तर आले की मंडळी पुढच्या टाकीकडे सरकतात. शासनाचाही कल याच बाजूला दिसतो. सप्टेंबर 2023मध्ये पापलेटला राज्यमासा घोषित केले, तेव्हा मुंबईतले सरकारी मत्स्यालय कुलूपबंद होते. राज्याच्या मानचिन्हाला भेटायचे तर सामान्य नागरिकाने त्याला ताटातच भेटावे, एवढाच याचा अर्थ. त्याच वर्षी माशांच्या पकडीवर किमान लांबीचे बंधन आले, पापलेटसाठी ते 135 मिलिमीटर. पिल्लेच उपसली तर उद्या मोठा मासा येणार कुठून, इतके ते साधे आहे. हे खरोखर मुलांना शिकवण्याजोगे ज्ञान. पण ते बाजारात मासळीच्या टोपलीपुढे पट्टी धरूनच शिकवता येईल आणि तसे करणाऱ्या पालकांना कोळीणबाई जे ऐकवतील त्याचा समावेश अजून कोणत्याही अभ्यासक्रमात नाही.

समुद्र मात्र फुकट आणि समोरच होता, असे एखादा रसिक पुटपुटेल. होता, पण समुद्राला तिकीटखिडकी नाही, आणि तिकीट नसलेल्या गोष्टीसाठी पहाटे पाचला मुलांना उठवता येत नाही.

नव्या मत्स्यालयांच्या घोषणा अधूनमधून होतच असतात : कधी वरळीच्या दुग्धशाळेच्या जागेवर आंतरराष्ट्रीय दर्जाचे, कधी राणीच्या बागेत पेंग्विनांच्या शेजारी. नियोजनकर्त्यांना आमची एकच विनंती, जुनी चूक पुन्हा नको. पहिल्या टप्प्यात पाच मजली वाहनतळ, खाद्यपदार्थांचे दालन, मुबलक स्वच्छतागृहे आणि मोठ्या प्लॅस्टिकच्या शार्कच्या जबड्यात उभे राहून फोटो काढण्याची जागा, एवढे उरकून घ्यावे आणि उद्घाटन करून टाकावे. खऱ्या माशांची तरतूद दुसऱ्या टप्प्यात ठेवावी. तिसऱ्या वर्षापर्यंत कोणी त्यांची चौकशी केलीच, तर निविदा काढता येईल.