कुत्री बघायला बर्मिंगहॅमला

आमच्या सोसायटीत परदेशवारीची एक उतरंड आहे. मुलीच्या बाळंतपणासाठी अमेरिका सर्वांत वर, त्याखाली मुलाचा पदवीदान समारंभ, त्याखाली सहल कंपनीबरोबर 'युरोप दर्शन'. 'कुत्री बघायला इंग्लंडला चाललोय' हे वाक्य यात कुठेच बसत नाही. ऐकणारा आधी हसतो. आपण थट्टा करत नाही हे कळल्यावर तो खिडकीबाहेर बघतो. तिथे कचराकुंडीपाशी बिनतिकिटाची पाच-सहा कुत्री असतातच.

ही दारातली सोडून तिकडे कशाला, हा प्रश्न मलाही पडला असता. पण माझ्या बायकोला कुत्री आवडतात आणि मला बायको. त्यामुळे दर मार्चमध्ये बर्मिंगहॅमच्या नॅशनल एक्झिबिशन सेंटरमध्ये चार दिवस भरणारं 'क्रफ्ट्स' हे प्रदर्शन मला आता आमच्या कुलदैवताइतकं ठाऊक आहे. १८९१ साली चार्ल्स क्रफ्ट या गृहस्थांनी ते लंडनमध्ये सुरू केलं. गृहस्थ मूळचे कुत्र्यांच्या बिस्किटांच्या धंद्यातले. आपल्याकडे कुत्रा नाही, असं ते चारचौघांत सांगत. पुढे त्यांच्या पत्नीच्या आठवणींतून घरी सेंट बर्नार्ड होता हे उघड झालं. सोसायटीच्या कमिटीपासून पॉमेरेनियन लपवताना आमची तारांबळ उडते; या माणसानं उभ्या इंग्लंडपासून सेंट बर्नार्ड लपवला.

कुणाला जायचंच असेल, तर पहिला सल्ला: आपला कुत्रा घरी ठेवा. प्रेक्षकांच्या कुत्र्यांना तिथे प्रवेश नसतो. शिवाय भारतातून कुत्रा नेणं म्हणजे आधी मायक्रोचिप, मग रेबीजची लस, मग तीस दिवस थांबून रक्ताची तपासणी, ती मनासारखी आली तर रक्त घेतल्या दिवसापासून तीन महिने वाट पाहणं आणि पोहोचण्याच्या एक ते पाच दिवस आधी जंतांचं औषध. एवढं सोसून तो विमानातून जाणार मालसामान म्हणून. व्हिसावाले माणसाकडे बँकेचे कागद मागतात, कुत्र्याकडे सरळ रक्त. २०२५ साली सर्वोत्कृष्ट ठरलेली मिउचा नावाची व्हिपेट जातीची कुत्री इटलीहून आली होती हे खरं. पण ती स्पर्धक. आपला मोत्या कोण?

दुसरा सल्ला दिवसाचा. चार दिवसांत वीस हजारांच्या आसपास कुत्री येतात, पण सगळी एकदम नाही. त्यांचे सात गट आहेत आणि प्रत्येक गटाचा दिवस ठरलेला. रिट्रीव्हर बघायचे असतील तर गनडॉगचा दिवस, चिवावा हवे असतील तर टॉय गटाचा. वेळापत्रक न बघता टेरिअरच्या दिवशी गेलात, तर भुंकणं भरपूर मिळेल. रिट्रीव्हर मात्र रिंगणात दिसणार नाही. मन एका जातीवर ठरत नसेल तर 'डिस्कव्हर डॉग्ज' हा विभाग गाठावा. तिथे चारही दिवस दोनशेच्या आसपास जाती मालकांसह भेटायला बसलेल्या असतात. रविवारी संध्याकाळी अंतिम निवड होते. तिचं तिकीट वेगळं, हे घरूनच बघून निघावं.

राहायला प्रदर्शनाशेजारचं हॉटेल शोधू नका. तिथली हॉटेलं कुत्रेवाल्यांनी केव्हाच धरलेली असतात आणि उरलेल्या खोल्यांचे दर ऐकून आपणच भुंकू लागतो. 'बर्मिंगहॅम इंटरनॅशनल' हे रेल्वे स्टेशन प्रदर्शनाला लागूनच आहे. लंडनच्या यूस्टनहून गाडी साधारण सव्वा तासात पोहोचते; कॉव्हेंट्री किंवा बर्मिंगहॅम शहरात उतरलात तर दहा-पंधरा मिनिटांचा प्रश्न. माझा भाचा कॉव्हेंट्रीत राहतो. त्याच्या आयुष्यात मामाचं महत्त्व एकाएकी का वाढलं, हे त्याला अजून कळलेलं नाही.

बूट जुने, पायाला सवयीचे घाला. हॉल एकामागून एक संपतच नाहीत आणि जमीन कडक. बाहेर मार्चचा बोचरा वारा, आत गर्दीची ऊब. तेव्हा एक जाड कोट घेण्यापेक्षा काढता-घालता येतील असे दोन-तीन पातळ थर बरे. काळी पँट टाळा. सामोयेड हा पांढराशुभ्र, प्रेमळ कुत्रा आपली आठवण तिच्यावर कायमची ठेवून जातो.

खाण्याचं बघून न्या. भारतातून मांसाचे किंवा दुधाचे पदार्थ ब्रिटनमध्ये नेता येत नाहीत. म्हणजे भाच्यासाठीचे पेढे आणि घरचं तूप विमानतळावर जप्त होणार. चिवडा न्यावा. तो प्रदर्शनातही उपयोगी पडतो, कारण तिथे कुत्र्यांच्या खाण्यात जितकी विविधता आहे, तितकी शाकाहारी माणसाच्या खाण्यात नाही.

आता शिष्टाचार. रिंगणात नसताना कुत्री आपापल्या नंबराच्या बाकावर बसून असतात, शेजारी घडीच्या खुर्चीत मालक. गप्पा मारायच्या त्या इथे. पण मालकाला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, आणि परीक्षणाआधी तर नाहीच. ते केस विंचरायला कुणाची तरी सकाळ गेलेली असते. आपल्या तोंडी बसलेले दोन प्रश्न मात्र घरी ठेवून जा: 'चावतो का?' आणि 'केवढ्याला घेतला?' त्याऐवजी 'स्वभाव कसा आहे?' एवढंच विचारा आणि बसायला जागा शोधा, कारण उत्तर लांबतं.

रिंगणात परीक्षक कुत्र्याचे दात बघतात, पाठीवरून हात फिरवतात, पळवून चाल बघतात. कुत्र्याची मान वर राहावी म्हणून काही मालक शिजवलेल्या लिव्हरचा तुकडा चक्क स्वतःच्या दातांत धरून उभे असतात. मला आवडली ती एक गोष्ट: इथे कुत्र्याची तुलना शेजारच्या कुत्र्याशी नव्हे, तर त्याच्या जातीच्या लेखी आदर्शाशी करायची असते. 'बघ तो जोशांचा मुलगा' हे ऐकत वाढलेल्या माणसाला यात फार मोठा दिलासा आहे.

पण त्या आदर्शानंच कधी कुत्र्याचा श्वास कोंडतो, हेही बघून यावं. २०१२ साली काही जातींच्या विजेत्यांची पशुवैद्यकीय तपासणी सुरू झाली आणि पहिल्याच वर्षी पेकिनीज आणि बुलडॉग नापास झाले. चपट्या तोंडाचा कुत्रा बसल्या जागी घोरत असेल तर तो गोड दिसतोय असं म्हणू नका. त्याला श्वास घ्यायला त्रास होतोय. घरी तसलाच आणायचा विचार असेल तर तो तिथेच सोडून या.

उलट 'स्क्रफ्ट्स' जरूर बघा. ही मिश्र जातीच्या कुत्र्यांची स्पर्धा. वंशावळ नाही, आदर्श नाही, मालकाला जो सर्वांत देखणा वाटतो तो देखणा. ती बघितल्यापासून बायको आमच्या कचराकुंडीकडे वेगळ्या नजरेनं बघते आणि मी जरा धास्तावलेला असतो.

तेव्हा जायचं असेल तर जाच. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीपासून करता येतो, म्हणजे डिसेंबरात हलायला हवं. आणि त्याच महिन्यात आपला कुत्रा सांभाळणारा शेजारीही पक्का करा. मार्चमध्ये मुलांच्या परीक्षा असतात. तेव्हा ब्रिटनचा व्हिसा मिळेल, पण भुंकणारा पाहुणा ठेवून घेणारं घर मिळणार नाही.