मातृत्वतज्ज्ञ व्हा: सात पायऱ्या, एक उंदीर

आईपणावर अधिकाराने बोलायला आई असावं लागत नाही, मूल सांभाळलेलं असावं लागत नाही, लंगोट कुठल्या कपाटात असतात हेही माहीत असावं लागत नाही. फक्त एक उंदीर लागतो. बारशाच्या पंगतीत, महिलादिनाच्या व्यासपीठावर किंवा नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'मूल सांभाळणं निसर्गाने बाईच्या मेंदूतच लिहून ठेवलंय' हे वाक्य घसा न अडखळता म्हणता यावं, एवढंच आपलं उद्दिष्ट आहे. लोक डोंगर पोखरून उंदीर काढतात. आपण उंदीर पोखरून डोंगर काढू.

१. योग्य उंदीर निवडा.

घरातला उंदीर नको, त्याला स्वतःची मतं असतात. प्रयोगशाळेतला काळा घ्या. कागदोपत्री नाव सी५७बीएल/६, बोलीभाषेत 'ब्लॅक सिक्स'. हा वंश अमेरिकेत क्लॅरेन्स लिटल यांनी १९२१ मध्ये सुरू केला. सलग वीस पिढ्या सख्ख्या बहीण-भावांची जोडी जमवल्याशिवाय असा वंश शुद्ध मानला जात नाही. उंदीर राहतो प्लॅस्टिकच्या पेटीत, दाणापाणी आयतं, मांजर नाही, घरभाडं नाही. त्याच्यावरून डोंबिवलीहून लोकल पकडणाऱ्या आईविषयी निष्कर्ष काढायला काहीच हरकत नाही. संस्कृतीचा मुद्दा आलाच, तर बहीण-भावांचा तपशील तेवढा गाळा.

२. मेंदूत एक ठिकाण शोधून त्याला 'आईपणाचं केंद्र' म्हणा.

ठिकाण तयार आहे: हायपोथॅलॅमसच्या पुढच्या बाजूचा मेडिअल प्रीऑप्टिक एरिया. नाव दोनदा पाठ म्हणा, निम्मे श्रोते तिथेच शरण येतात. २०१४ मध्ये हार्वर्डच्या कॅथरीन ड्यूलाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की इथल्या गॅलॅनिन नावाचं रसायन बनवणाऱ्या पेशी नष्ट केल्या तर उंदरांची पिल्लांविषयीची आस्था ढासळते. वाचन इथेच थांबवा. पुढे असं लिहिलंय, की हे माद्यांमध्ये घडतं तसंच नरांमध्येही घडतं. आणखी पुढे तर कहर आहे: कधीच जोडी न जमलेल्या नरांमध्ये याच पेशी प्रकाशाच्या झोताने चेतवल्या, तर पिल्लांवर तुटून पडणारा नर त्यांना चाटूनपुसून स्वच्छ करायला लागतो. म्हणजे तुमचं 'आईपणाचं केंद्र' बापाच्या डोक्यातही निघालं. अशी पानं चिकटवून ठेवायला खळ बरी पडते.

३. नराचं क्रौर्य सांगा, पण अर्धंच.

अननुभवी नर परकी पिल्लं मारून टाकतो, हे खरं आहे. खणखणीत आवाजात सांगा: 'पाहा, पुरुषाच्या स्वभावातच नाही.' आणि खाली बसा. उभे राहिलात, तर कुणीतरी विचारेल की पुढे काय होतं. पुढे असं होतं, की मादीशी संग झाल्यानंतर साधारण तीन आठवड्यांनी तोच नर मारणं सोडतो आणि पिल्लं तोंडात धरून घरट्यात आणू लागतो. उंदरीण विते १९ ते २१ दिवसांत. तारखा कशा जुळतात ते पाहिलंत? पिल्लं येतात त्याच सुमारास बाप कामाला लागतो. हा हिशेब कुणी बोटांवर करताना दिसला, तर ताबडतोब चहा मागवा.

४. ऑक्सिटोसिनला 'प्रेमाचं हार्मोन' म्हणा.

किमान तीनदा म्हणा आणि म्हणताना छातीवर हात ठेवा. काम मात्र कानाजवळ चालतं. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या रॉबर्ट फ्रोमके यांच्या गटाने २०१५ मध्ये दाखवलं, की ऑक्सिटोसिनमुळे मेंदूच्या डाव्या बाजूचा ऐकण्याचा भाग पिल्लांच्या हाकेला नेमका प्रतिसाद देऊ लागतो. घरट्याबाहेर पडलेलं पिल्लू श्राव्यातीत आवाजात हाक मारतं. माणसाचा कान २० किलोहर्ट्झला हात टेकतो, पिल्लाची हाक त्याच्या कितीतरी वर. ज्या मादीला पिल्लांचा अनुभव नाही, ती ही हाक ऐकूनही ढिम्म बसून राहते. आईच्या काळजाला कळतं, हे वाक्य श्रोत्यांना आवडतं. आईचा कान तयार होतो, हे फारसं कुणाला आवडत नाही. श्रोत्यांचा विचार करा.

५. 'उपजत' हा शब्द सोडू नका.

फ्रोमके यांच्याच गटाने २०२१ मध्ये एक खोडसाळ निरीक्षण प्रसिद्ध केलं. आई आणि अननुभवी मादी एकाच पेटीत ठेवल्या, तर आई तिला हुसकत घरट्याकडे नेते. पारदर्शक भिंतीपलीकडून आईचं काम नुसतं पाहूनही ती मादी पुढे पिल्लं उचलायला शिकते. म्हणजे शिकवणी, उमेदवारी, सराव, सगळं आलं. गोंधळू नका. ठामपणे सांगा, की ही शिकवणीसुद्धा उपजतच असते. वाक्याला अर्थ नाही, पण त्यात वजन आहे.

६. गैरसोयीचे प्राणी दाराबाहेर ठेवा.

१९६७ मध्ये जे रोझेनब्लाट यांनी रॅटवर, म्हणजे उंदराच्या थोराड चुलतभावावर, प्रयोग केले. न व्यालेल्या माद्यांजवळ रोज पिल्लं ठेवली. साधारण आठवडाभरात त्या आईसारख्या वागू लागल्या. अंडाशय काढलेल्या माद्याही तशाच वागल्या. आणि नरही! हार्मोन नव्हे, नुसता सहवास. यावर लगेच आक्षेप घ्या: 'हा प्रयोग रॅटवरचा आहे, तो उंदराला कसा लागू होईल? प्राणी वेगळा आहे!' उंदरावरून थेट माणसावर उडी मारताना हा आक्षेप खिशात घालून ठेवायचा असतो.

७. निसर्गाचं ऐका, पण निवडून.

उंदरिणी पुष्कळदा एकाच घरट्यात वितात आणि एकमेकींची पिल्लं सर्रास पाजतात. याला पाळणाघर म्हणतात, आणि तुम्ही पाळणाघराच्या विरोधात आहात, म्हणून हे गाळा. त्रासलेली, घाबरलेली उंदरीण कधीकधी स्वतःचीच पिल्लं खाते, हे तर बारशाच्या पंगतीत काढूच नका. कुणी काढलंच, तर उत्तर तयार ठेवा: 'ते प्रयोगशाळेतल्या कृत्रिम वातावरणामुळे होतं.' हो, त्याच प्रयोगशाळेत, जिथून आपण पहिल्या पायरीवर उंदीर आणला.

सात पायऱ्या चढलात, अभिनंदन. वरून दृश्य असं दिसतं: पिल्लं सांभाळण्याची सोय नर-मादी दोघांच्या मेंदूत आहे, ती हार्मोनने लवकर जागी होते, सहवासाने उशिरा का होईना पण होते, आणि बघून बघून पक्की होते. उंदरावर कष्ट घेणाऱ्यांना इतकंच दिसलंय. बाईनेच करायचं, हे त्यांच्यापैकी कुणी पेटीत ठेवलं नव्हतं. ते आपण घरून घेऊन गेलो होतो.

आता एक तांत्रिक सूचना. उंदराचं पिल्लू माणसाला ऐकू येणार नाही अशा आवाजात हाक मारतं. माणसाचं बाळ तसं करत नाही. ते रडतंय, आणि ते तुम्हाला ऐकू येतंय. उठा.