सभेला जा, सेक्रेटरी होऊ नका

डोंबिवलीत फ्लॅट घेताना माणूस पाणी किती वाजता येतं हे विचारतो, स्टेशन चालत किती मिनिटं हे विचारतो, गच्चीवरच्या टाकीत डोकावूनही येतो. सोसायटीचा सेक्रेटरी किती वर्षांपासून आहे आणि त्याची तब्येत कशी आहे, हे मात्र कोणी विचारत नाही. फसगत तिथूनच सुरू होते. पुढचं मार्गदर्शन अशा भाबड्या नवसभासदांसाठी.

आधी सभेचा मोसम ओळखायला शिका. हिशेबाचं वर्ष ३१ मार्चला संपतं आणि वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत उरकावी लागते. म्हणजे सहा महिने हाताशी. पण मे महिन्यात लोक गावाला, जून-जुलैत हिशेब ऑडिटरकडे, श्रावणात घरोघरी पूजा, मग गणपती. बहुतेक वर्षी उरतो तो पितृपक्ष. त्या पंधरवड्यात शुभकार्य करत नाहीत, आणि सोसायटीच्या सभेला शुभकार्य म्हणणारा अजून जन्मायचाय, त्यामुळे कोणाची हरकत नसते. नोटीस चौदा दिवस आधी लागते. ती जरूर वाचा, पण रात्री, जिन्यात कोणी नसताना. नोटीस बोर्डासमोर चष्मा लावून उभा असलेला माणूस ‘इंटरेस्ट घेणारा’ ठरतो.

सभा दहाची असेल तर दहाला जाऊ नका. दहाला खाली फक्त चौघं असतात: अध्यक्ष, सेक्रेटरी, खजिनदार आणि नवीन राहायला आलेला माणूस. गणपूर्तीसाठी एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा वीस, यांपैकी जो आकडा कमी असेल तो लागतो. आमच्या बावीस घरांत पंधरा. पंधरा माणसं आमच्याकडे फक्त पाणी गेल्यावर जमतात. मग सभा तहकूब होते आणि नोटिशीत आधीच लिहून ठेवल्याप्रमाणे अर्ध्या तासाने त्याच जागी पुन्हा भरते. तेव्हा गणपूर्तीची अट नसते. तुम्ही दहा पस्तीसला या. केस ओले असलेले बरे.

जागा निवडताना घाई नको. आमची सभा स्टिल्टमध्ये, स्कूटरी बाजूला सरकवून भरते. पहिल्या रांगेत अर्थातच बसायचं नाही. पण अगदी मागेही नाही, कारण तिथे वॉचमनच्या टेबलावर समोसे असतात. ज्याने एकदा उठून समोसे वाटले, तो ‘कामाचा माणूस’. खांबाआड बसा. आणि खिशात पेन ठेवू नका. ही सूचना मला कोणी वेळेवर दिली असती तर आज मी हा लेख लिहीत बसलो नसतो. ‘जरा पेन देता का?’ इथून सुरुवात होते. मग ‘तुमचं अक्षर छान आहे हो’ आणि मग ‘इतिवृत्त तेवढं तुम्हीच लिहा ना’. मराठी टायपिंग येतं, हे तर बायकोच्या माहेरीसुद्धा सांगू नये.

मागील सभेचं इतिवृत्त कायम करणे, ताळेबंद, ऑडिटरची नेमणूक हे विषय कपात चहा असेपर्यंत होतात. सूचक अमुक, अनुमोदक तमुक, एकमताने मंजूर. थकबाकीवर सरळ व्याज लावता येतं, असं खजिनदार दरवर्षी वाचून दाखवतात आणि थकबाकीदार दरवर्षी मान डोलावतात. खरी सभा सुरू होते शेवटच्या विषयापासून: ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐन वेळी येणारे विषय’. वाक्यात विषय अनेक असले तरी येतो एकच. गळती.

गच्चीतून पाणी आलं तर खर्च सोसायटीचा. वरच्या घराच्या न्हाणीतून आलं तर तो त्या दोन घरांनी आपसात निस्तरायचा. त्यामुळे छतावरचा डाग हा नुसता डाग नसतो, तो वंशावळीचा प्रश्न असतो. आमच्याकडे दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या छतावर असा एक डाग होता. पहिल्या वर्षी पोळीएवढा, तिसऱ्या वर्षी परातीएवढा, कडेने पिवळी किनार. वरचे काका म्हणत, बाहेरच्या पाइपचं पाणी. काकू म्हणत, तुमच्याच न्हाणीचं. शेवटी सभेतच ठरलं की वरच्या न्हाणीच्या मोरीत बोळा घालायचा, पाण्यात कपड्यांची नीळ कालवायची आणि दोन दिवस वाट पाहायची. काकू दोन दिवस छताखाली खुर्ची टाकून बसल्या. तिकडे निळं काहीच उतरलं नाही. निळा ओघळ निघाला शेजारच्या घरात, जिथे गळती असल्याचं तोवर कोणाला ठाऊकही नव्हतं. त्या घरमालकांनी पुढच्या सभेत नीळ घालणाऱ्यांकडून रंगाचा खर्च मागितला. तेव्हा गळतीच्या चर्चेत आपलं मत असलं तरी ते समोशासोबत गिळा. विशेषतः ‘मी काय म्हणतो, एकदा प्लंबरला दाखवू या’ हे वाक्य तोंडातून जाऊ देऊ नका. प्लंबरला फोन करणारा आणि सेक्रेटरी यांत फक्त कागदोपत्री फरक असतो.

काही चतुर लोक फ्लॅट बायकोच्या नावावर ठेवून निश्चिंत होतात. त्यांना कार्यकारिणीत महिलांसाठी राखीव जागा असतात हे माहीत नसतं. आमच्याकडच्या एका चतुर गृहस्थांच्या सौ. आज खजिनदार आहेत, आणि हिशेबाच्या वह्या रात्री कोण जुळवतं हे सगळ्या इमारतीला ठाऊक आहे.

कार्यकारिणीची मुदत पाच वर्षांची. ‘तुम्ही फक्त नाव द्या, काम आम्ही सगळे करू’ असं मला सांगणाऱ्यांपैकी एक पुण्याला गेले, दुसऱ्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तिसऱ्यांच्या नावावर तेव्हापासून मेंटेनन्सची थकबाकी आहे. माझी मुदत यंदा संपते. सभेची नोटीस काल लावली. रात्री साडेअकराला कचऱ्याची बादली खाली ठेवायला गेलो तर तिसऱ्या मजल्यावरचे नवीन गृहस्थ बोर्डासमोर उभे होते, चष्मा लावून. मला बघून म्हणाले, ‘काका, वेळ दहाची म्हणजे बरोबर दहाच ना?’

मी हो म्हणालो. सभेच्या दिवशी खिशात पेन ठेवणार नाहीये.