लोणारला दोन, जर्मनीला सात

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमावलीत एक तक्ता आहे. बुलढाणा जिल्ह्यातल्या प्राध्यापकांना तो मारुतिस्तोत्रासारखा पाठ असतो. परिषदेत शोधनिबंध वाचला की गुण मिळतात: परिषद राज्य किंवा विद्यापीठ पातळीची असेल तर 2, राष्ट्रीय असेल तर 3, आंतरराष्ट्रीय पण भारतातच भरलेली असेल तर 5 आणि आंतरराष्ट्रीय असून परदेशात भरलेली असेल तर 7. निबंधात काय आहे, ते हा तक्ता विचारत नाही. म्हणजे लोणार विवरावरचा निबंध विवराच्या काठावर, दगडाला हात लावून, विद्यापीठाच्या परिषदेत वाचला तर दोन. तोच निबंध सहा हजारांहून जास्त किलोमीटरवर, ‘लोणार’मधल्या ‘ण’ला घाबरणाऱ्या श्रोत्यांपुढे वाचला तर सात.

मग सर पासपोर्ट शोधू लागतात.

कार्यालयातला बाबू मात्र फाईल पुढे सरकवण्याआधी विचारतोच, ‘‘काहून जी सर, लोणारचे दगडं सरले का?’’ सर हसून विषय टाळतात, कारण खरे उत्तर फाईलमध्ये बसत नाही. परिषद तीन दिवसांची, ड्युटी लीव्ह पाच दिवसांची, तिला पुढून-मागून जोडलेले रविवार आणि उरलेल्या दिवसांवर किरकोळ रजा. शेंगेनचा व्हिसा एक, देश 29. पोस्टरची लांब नळी काखोटीला मारून सर निघतात. तिच्या जोडीला मॅडमच्या बॅगेत खाकरे आणि लोणचे. उद्घाटनाला नाव लिहिलेल्या फलकासमोर फोटो, दुसऱ्या दिवशी पोस्टरसमोर फोटो, आणि तिसऱ्या दिवशी फोटो थेट आयफेल टॉवरसमोर. हजेरीचे प्रमाणपत्र तेवढे आयोजकांकडून आधीच घेतलेले असते. परतल्यावर मेहकरच्या चौकात फ्लेक्स लागतो, शाल-श्रीफळ होते आणि जिल्ह्याच्या शिरपेचात आणखी एक तुरा खोवला जातो. त्या शिरपेचात आता तुऱ्यांनाच जागा उरलेली नाही.

यात सहल केली हा गुन्हा नव्हे. उलट सहल नीट केली नाही, ही तक्रार आहे. उल्का-विवरांच्या अभ्यासकाने युरोपात एकच जुने शहर पाहायचे असेल तर ते जर्मनीतले नोर्डलिंगेन. म्युनिकहून निघावे, डोनाव्योर्थला गाडी बदलावी. मध्ययुगीन तटबंदी शाबूत, तिच्यावरून गावाला पुरी प्रदक्षिणा घालता येते. हे अख्खे गाव रीस नावाच्या विवरात वसले आहे. सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी पडलेल्या उल्केने खणलेला हा खड्डा 24 किलोमीटर रुंद आहे. आपले लोणार 1.8 किलोमीटरचे. गावाच्या मधोमध सेंट जॉर्जचे चर्च आहे. ते बांधले स्यूवाइट दगडाने, म्हणजे त्याच आघातात वितळलेल्या आणि फुटलेल्या खडकांच्या मिश्रणाने. त्याचा 90 मीटर उंच मनोरा, ज्याला गावकरी लाडाने ‘डॅनियल’ म्हणतात, चढत जाणारा पर्यटक पायरीपायरीला भूविज्ञानच पाहत असतो.

दीर्घकाळ लोकांना रीस हा ज्वालामुखीचा खड्डा वाटे. 1960 मध्ये भूवैज्ञानिक युजीन शूमेकर तिथे गेला. त्याने आणि एडवर्ड चाओने तिथल्या दगडात कोएसाइट शोधले. प्रचंड दाबाखालीच तयार होणारे हे खनिज सापडल्यावर ज्वालामुखीची कथा संपली. शूमेकरला पहिला संशय चर्चच्या भिंतीजवळच आला, असे सांगतात. ऑगस्ट 1970 मध्ये अपोलो 14 चे अंतराळवीर शेपर्ड आणि मिचेल चंद्रावर जाण्याआधी दगड ओळखायला इथेच शिकले. 2003 मध्ये मोठ्या उल्कापातांवरची आंतरराष्ट्रीय परिषदही याच गावात भरली. सभागृहाबाहेर पडले तरी विषय सुटत नाही, अशी सोय दुसरीकडे क्वचितच.

लोणारचेही असेच झाले. ज्वालामुखी की उल्का, हा वाद इथेही दीर्घकाळ चालला. 1973 मध्ये स्मिथसोनियन संस्थेचे कर्ट फ्रेडरिक्सन आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे संशोधक यांनी ‘सायन्स’मध्ये निबंध छापला. आघाताने काचेसारखे झालेले फेल्डस्पार, ज्याला मॅस्केलिनाइट म्हणतात, त्यांना इथे मिळाले होते. बेसाल्टमध्ये इतके सुस्थितीतले विवर जगात दुर्मीळ. चंद्र आणि मंगळावरचा बेसाल्ट अभ्यासणाऱ्यांना म्हणूनच लोणार हवे असते. ते परदेशी पाहुणे येतात, विवरात उतरतात, कमळजादेवीच्या देवळाजवळ चिखलात बसून नमुने भरतात आणि जाता जाता अजिंठा-वेरूळही करून घेतात. त्यांना कुणी सहलखोर म्हणत नाही, कारण त्यांचे बूट चिखलाने भरलेले असतात.

आपल्या सरांचे बूट स्वच्छ. विवरात ते शेवटचे उतरले सहावीच्या सहलीत. 2020 च्या जूनमध्ये विवरातले तळे गुलाबी झाले, तेव्हा मीठ सोसणारे सूक्ष्मजीव शोधायला पाण्याचे नमुने पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत गेले. सरांनी तो गुलाबी फोटो व्हॉट्सॲपवर पुढे ढकलला. पुढे त्याच फोटोचे पोस्टर झाले.

आता यावर एक सोपा उपाय आहे आणि तो आयोगाच्या तक्त्यातही बसतो. लोणारची पुढची परिषद नोर्डलिंगेनमध्ये भरवावी, नोर्डलिंगेनची लोणारात. सरांना सात गुण आणि डॅनियलच्या पायऱ्या मिळतील. जर्मन प्राध्यापकांना गुणांची गरज नाही; त्यांना दैत्यसूदन मंदिर, धार नावाचा झरा आणि परतीच्या वाटेवर शेगावची कचोरी पुरे. अडचण एकच: पाहुण्यांना विवरात घेऊन जायला वाट माहीत असलेला माणूस लागेल, आणि सर तेव्हा जर्मनीत असतील. तो बाबू लोणारचाच आहे म्हणतात. त्याला ड्युटी लीव्ह कोणत्या नियमाने द्यायची, यावर फाईल सध्या फिरते आहे.