हद्दीबाहेरचं काँक्रीट

क्रॉसओव्हर राखाडीच लागतो. साधा, राखाडी, वर झाडूच्या रेघा ओढलेला. कौन्सिलच्या नकाशात तसं छापलेलं आहे आणि खाली कुणाची तरी सही आहे. कुंपणापासून रस्त्याच्या कडेपर्यंतचा हा तुकडा सोडून आत मी हवं ते करावं. काळं करावं, गुलाबी करावं, शंकरपाळ्यांची नक्षी काढावी. थोडक्यात, जाता-येता लोकांच्या नजरेत भरतो तो भाग अख्ख्या गल्लीचा असतो तसाच, आणि माझी श्रीमंती सुरू होते ती बरोबर जिथे माझीच मोटार उभी राहून तिला झाकते तिथे.

मेलबर्नच्या पश्चिमेला राहणाऱ्या मराठी माणसाला हे दुःख समजावून सांगावं लागत नाही. पूर्वी गणपतीला कुणाकडे गेलं की स्वयंपाकघरातला ओटा बघायची पद्धत होती. आता लोक चप्पल काढायच्या आधी ड्राइव्हवे बघतात. सध्या मान आहे तो एक्स्पोज्ड अ‍ॅग्रिगेटला. म्हणजे वरचा सिमेंटचा थर धुऊन काढायचा आणि आतली खडी दिसू द्यायची. आमच्याकडे कोब्यातून खडी दिसली की मिस्त्रीच्या सात पिढ्यांचा उद्धार होई. इथे त्याच खडीचे जादा पैसे मोजतात. मीही मोजायचं ठरवलं. रंगही ठरवला, चारकोल. समोरच्यांचा नुसता करडा होता.

आता जुन्या ड्राइव्हवेला तडे का गेले, तर त्याला मी जबाबदार नाही, ज्वालामुखी जबाबदार आहे. मेलबर्नची ही पश्चिम बाजू बेसाल्टच्या पठारावर बसली आहे आणि बेसाल्टची माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. दख्खनच्या काळ्या मातीचाच स्वभाव. एवढा समुद्र ओलांडून, एवढं कर्ज काढून मी एका लाव्हावरून उठून दुसऱ्या लाव्हावर येऊन बसलो. ज्या भेगांना आमचे आजोबा 'जमीन तापली' म्हणून समाधानानं बघत, त्यांना इथले इंजिनिअर 'रिअ‍ॅक्टिव्ह' असा वर्ग देतात.

क्रॉसओव्हरच्या तड्यांत मात्र झाडाचाही हात होता. नेचर स्ट्रिपवरचं, म्हणजे रस्त्याकडेच्या गवताच्या पट्टीवरचं, झाड कौन्सिलचं. तोडायचं तर सोडाच, त्याची फांदीही मी छाटायची नाही. मुळं कौन्सिलची, ज्या जमिनीत ती गेली ती जमीन कौन्सिलची. तिथलं गवत मात्र मी कापायचं, आणि मुळानं उचललेलं काँक्रीट माझं. दुरुस्ती माझ्या खर्चानं, अर्ज करून, शुल्क भरून. तीही नुसत्या भेगा बुजवून नाही. उचलला गेलेला भाग सांध्यापासून सांध्यापर्यंत कापून काढायचा आणि नव्यानं भरायचा. गंमत म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या राज्यघटनेत कौन्सिलचा उल्लेखसुद्धा नाही. तो यावा म्हणून १९७४ मध्ये आणि पुन्हा १९८८ मध्ये सार्वमत घेतलं, दोन्ही वेळा लोकांनी नकार दिला. पण घटनेत नसलेलं कौन्सिल घटनास्थळी मात्र वेळेवर हजर.

काँक्रीट ओतण्याआधी त्यांचा माणूस सेंट्रिंगच्या फळ्या तपासायला आला. जाडी बघितली, १२५ मिलिमीटर. जाळी बघितली. जाळीखालचे ठोकळेही वाकून बघितले. मग पदपथाच्या पट्ट्यावर पाणसळ ठेवली. आमच्या कौन्सिलचा नियम असा, की पदपथ क्रॉसओव्हरमधून सलग गेला पाहिजे आणि त्याचा आडवा उतार चाळीसास एकपेक्षा जास्त नको. फळी किंचित वर होती. इतकी किंचित, की मला दिसली नाही आणि काँक्रीटवाल्याला दिसली असली तरी तो बोलला नाही. फळ्या काढून पुन्हा लावाव्या लागल्या. मिक्सरची पाळी रद्द झाली, तिचेही पैसे गेले.

अखेर काँक्रीट पडलं, आणि पडलं या शब्दाबरोबर मला कराडचा आमचा स्लॅब आठवला. आता हे विषयाला सोडून आहे हे मला कळतं, पण ज्याच्या घरचा स्लॅब पडलेला आहे तो मला थांबवणार नाही. मे महिना. पहाटे मिक्सरचा धडधडाट, डोक्यावर घमेली घेऊन शिडीवर उभ्या बायकांची साखळी, नारळ, पेढे, आणि कामाचं काडीचं ज्ञान नसताना 'माल पातळ वाटतोय' असं म्हणायला आलेले शेजारी. संध्याकाळी व्हायब्रेटर थांबला की घराला एक बहिरेपणा येई. दुसऱ्या दिवशी मिस्त्री स्लॅबवर मालाचे बांध घालून वाफे करी, आणि मग सुरू होई खरा संसार, पाणी मारणं.

काँक्रीट वाळत नसतं. सिमेंटची पाण्याशी प्रक्रिया होऊन ते घट्ट होत जातं. त्याची पुस्तकी ताकद २८ दिवसांनी मोजतात, आणि सुरुवातीला ते तहानलेलं राहिलं तर जन्मभर कच्चं राहतं. हे विज्ञान मला पुढे कळलं, आधी कळले बाबा. ऑफिसातून आले की चहाच्या आधी स्लॅबवर. नळाला पाणी नसलं तर बादल्यांनी. एरवी आंघोळीला दुसरी बादली घेतली तर रागावणारा माणूस तिथे हात आखडता घेत नसे. वाफे भरले की पँट दुमडून मधे उभे राहत आणि खाली मला ओरडून सांगत, "बघ रे, आतून कुठे ओल दिसतेय का?" मी वर बघत राही. बाबांना जाऊन पुष्कळ वर्षं झाली. स्लॅब अजून गळत नाही.

तर, काँक्रीटवाला औषध फवारून गेला होता, पाण्याची गरज नाही असं सांगूनही गेला होता. पण ज्याच्या रक्तात पाणी मारणं आहे त्यानं काय करावं? संध्याकाळी मी पाइप घेऊन उभा. शेजारचे ग्रीक आजोबा कुंपणापाशी आले, बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "उगवेल असं वाटतं?"

मे महिन्यात आई आली. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, हातात काठी. पुण्यात माझ्या बहिणीकडे असते तेव्हा आई फुटपाथवरून चालत नाही, चालता येतच नाही. दर फाटकापुढे ज्यानं त्यानं आपल्या गाडीपुरता उतार काढलेला. एक उंच, एक तिरका, एकावर लाद्या, त्याही पावसात निसरड्या. प्रत्येकानं आपली मोटार अलगद आत घेतली आणि म्हातारी माणसं रस्त्यावर उतरवली. ती कडेनं चालतात, मागून हॉर्न वाजतो आणि वर ऐकून घेतात, 'आजी, फुटपाथवरून चाला ना.' हे लिहितानाही माझं डोकं तापतं. आमच्या सोसायटीनं असाच उतार काढला तेव्हा मी कार्यकारिणीत होतो आणि काम झटपट झालं म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

इथे आई रोज सकाळी एकटी गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येऊ लागली. दारामागून दार, क्रॉसओव्हरमागून क्रॉसओव्हर, काठी एकाच लयीत. मी खिडकीतून बघत होतो. त्या पाणसळवाल्याच्या फीवरचा माझा राग गेला नाही, झाडाच्या मुळांवरचा तर मुळीच नाही. पण उताराबद्दल मी हल्ली बोलत नाही.

एकदा न राहवून विचारलं, "आई, क्रॉसओव्हर कसा वाटला?"

"कुठला?"

"अगं, आपला. दारातला. नवा केलाय."

"केलाय होय? माझं लक्षच नाही गेलं." मग चारकोलकडे वळून म्हणाली, "आणि हे आतलं खडबडीत राहिलंय ते कधी पुरं करणार?"

मी खर्चाचा आकडा सांगितला. डॉलरला रुपयांनी गुणायचं नाही असा इथल्या मराठी माणसांचा अलिखित नियम आहे. आई तो पाळत नाही. तिनं ओठ हलवत हिशेब केला.

"एवढ्यात कराडला दुसरा मजला झाला असता," ती म्हणाली. "आणि कुणाला विचारावंही लागलं नसतं."