विक्रांत कवठ्याला आली त्याची गोष्ट

आमच्या कवठे महांकाळला समुद्र नाही. कृष्णेचं पाणीसुद्धा म्हैसाळ योजनेचे पंप सुरू झाले तरच वर चढतं. तरी युद्धनौका मात्र पोचली. १९९७ साली निवृत्त झालेली जुनी विक्रांत २०१४ मध्ये मुंबईत मोडीत निघाली, तिचं थोडं पोलाद बजाजनं घेतलं आणि २०१६ साली ते ‘व्ही’ मोटरसायकलच्या टाकीत घातलं. तसली एक गाडी वैरणीचा भारा लादून आमच्या पाणंदीत रोज गस्त घालते.

मालवणच्या समुद्राला एवढंही सुख नाही. परराज्यातले ट्रॉलर येऊन मासळी खरवडून नेतात, आणि त्यांच्या मागे लागायला मत्स्यखात्याची गस्तीनौका, ती वर्षानुवर्षं भाड्याची! (वरातीला घोडा आणतात तशी.) २०२५ च्या जानेवारीत सरकारनं ड्रोन उडवले. चोर आता वरून स्वच्छ दिसतो. खाली धरायला कोण, ते विचारू नये.

परवा बाजारात बर्फावर बांगडा दिसला.

‘‘कुठला गं मावशी?’’

‘‘मालवणचा हाय की. धरला कुणी, ते त्यालाच इचारा.’’